हवेवरचा नाखवा

जून-जुलैची मासेमारीबंदी लागली आणि होड्या शाकारून किनाऱ्यावर बसल्या, की हर्णैपासून मालवणापर्यंत कुठल्याही बंदरात हा नाखवा हमखास भेटतो. कानावर पेन्सिल, हातात मोजपट्टी आणि पुढ्यात नवाकोरा एअर-कूल्ड डिझेल जनरेटर. कोणी त्याला कंजूष म्हणतं, कोणी अडाणी. दोन्ही आरोप खोटे आहेत. डिझेलच्या परताव्यातले किती रुपये सोसायटीकडे अडकलेत हे तो झोपेतही सांगेल. जाळ्याचं वजन, बर्फाच्या लाद्या, खलाशांची उचल, सगळं त्याच्या वहीत असतं. माझं म्हणणं एवढंच, की हा माणूस हिशेबी आहे आणि हिशेबीपणानेच फसतो. ज्या वस्तूचं बिल येत नाही, ती त्याच्या वहीत चढत नाही. आणि हवेचं बिल अजून कोणी पाठवलेलं नाही.

जनरेटर निवडण्यापर्यंत त्याचं काहीच चुकत नाही. पाण्याने गार होणारं यंत्र घ्यायचं तर समुद्राचं पाणी खेचणारा पंप आला, पंपातला रबरी इम्पेलर आला, गाळणीत अडकलेलं शेवाळ आलं, खाऱ्या पाण्याचा गंज आला आणि होडीच्या बुडाला आणखी एक भोक आलं. होडीला भोक पाडायला कुठलाही शहाणा माणूस कचरतोच. एअर-कूल्ड यंत्रात यातलं काही नाही. फ्लायव्हीललाच पंख्याची पाती असतात, ती सिलिंडरच्या फिन्सवर वारा घालतात, झालं काम. शिवाय स्वस्त, हलकं, आणि बिघडलं तर तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही उघडू शकतो. इथवर नाखव्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

पुढेही तो एकेक गोष्ट शहाणपणाचीच करतो, हीच तर गंमत. यंत्र डेकवर ठेवलं तर लाटेचे तुषार उडतात, म्हणून ते खाली इंजिनखोलीशेजारच्या कोपऱ्यात जातं. 50 हर्ट्झची वीज देण्यासाठी असली छोटी यंत्रं बहुधा मिनिटाला 3000 फेरे घेतात आणि तेवढ्याच जोमाने कोकलतात, म्हणून भोवती प्लायवूडची पेटी येते. पेटीतूनही आवाज येतो, म्हणून आतून फोम लागतो. झडपेतून पाऊस येतो, म्हणून झडपेवर फळी. फळीच्या फटीतून उंदीर येतो, म्हणून फटीत चिंध्या. प्रत्येक पायरीला कारण आहे, प्रत्येक कारण पटण्यासारखं आहे, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे जनरेटरची जिवंत समाधी. आता तो पंखा बिचारा वारा घालतो खरा, पण तोच तो, स्वतःच तापवलेला. बंद खोलीत लावलेल्या कूलरसारखा.

नाखव्याच्याच वहीत हे आकडे मांडून पाहू. चार किलोवॉट वीज देणारं असलं यंत्र तासाला साधारण दीड लिटर डिझेल पितं. एका लिटरात सुमारे दहा युनिट ऊर्जा असते, म्हणजे पंधरा युनिट आत गेली आणि वीज बनून चार बाहेर आली. उरलेली अकरा उष्णता झाली. त्यातली चार-पाच सायलेन्सरवाटे गेली असं धरलं, तरी सहा-सात किलोवॉट त्या पेटीतच राहते. सहा-सात इस्त्र्या तापवून कपाटात ठेवाव्यात आणि दार लावावं, तशातला हा प्रकार. ही उष्णता बाहेर न्यायची आणि हवेचं तापमान वीस अंशांहून जास्त वाढू द्यायचं नाही, तर सेकंदाला निदान अडीचशे लिटर हवा लागते. डिझेलचं दोनशे लिटरचं पिंप दर सेकंदाला भरून वर सांडेल इतकी! त्यासाठी फूटभर लांब-रुंद वाट आत यायला आणि तेवढीच, पण वेगळी आणि लांब, बाहेर जायला हवी. नाखव्याने ठेवलेल्या भोकातून जेमतेम विडी आत जाते. मग ऑइल पातळ होतं, यंत्राचा जोर घटतो, ऑल्टरनेटरच्या गुंडाळ्यांवरचं वार्निश करपतं, आणि दोष मात्र कंपनीला लागतो.

यावर नाखव्याची उत्तरं तयार असतात. ‘असलंच इंजिन आमच्या मेव्हण्याच्या विहिरीवर वर्षानुवर्षं चाललंय.’ चालणारच, कारण विहिरीवर त्याच्याभोवती आख्खं शेत मोकळं आहे. मेव्हण्याने अजून शेताला प्लायवूड मारलेलं नाही. ‘गरम झालंच तर झाकण उघडं ठेवू की.’ ठेवतोच तो, आणि मग आवाजही बाहेर, तुषारही आत. पेटीचा खर्च तेवढा शिल्लक. ‘धूर तर पाइपाने बाहेर काढलाय ना?’ काढलाय, पण पाण्याने गार होणाऱ्या जनरेटरात धुरात पाणी सोडून तो गार करतात, म्हणून तिथे रबरी नळी चालते. इथला पाइप कोरडा आणि कित्येकशे अंशांचा. त्याला उष्णतारोधक गुंडाळी नसेल तर शेजारचं लाकूड आणि फायबर किती दिवस सोसणार? त्यात जोड सैल असला तर धूर खलाशी झोपतात तिथेच येतो. डिझेलच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण झोपलेल्या माणसाला कमीचा दिलासा कसला?

सर्वात गंभीर आक्षेप वेगळाच आहे: पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेल्या माणसाला हवा शिकवणारे तुम्ही कोण? आक्षेप रास्त आहे. याच्या आजोबांची होडी शिडावर चालायची. मतलई वारा कधी पडेल आणि खारा कधी उठेल, हे याला हवामानखात्याच्या आधी कळतं. पण तो वारा होडी नेतो, जाळं फिरवतो, कमाई घडवतो किंवा बुडवतो, म्हणून तो वहीत आहे. पेटीतली हवा कमावतही नाही आणि मागतही नाही. अज्ञानाचा हा प्रश्नच नाही. सवयीने वहीत जो रकाना आखला गेला नाही, त्याचा आहे.

म्हणून व्याख्यानं देण्यापेक्षा हा रकाना दुकानदारानेच भरावा. डेकवर, तुषार अडतील पण कडा मोकळ्या राहतील अशा छपराखाली यंत्र ठेवणं उत्तम, हे एकदा सांगून पाहावं. नाखवा ऐकणार नाही. मग बिलात जनरेटरच्या खाली एक ओळ घालावी: ‘थंड हवा, सेकंदाला 250 लिटर’, पुढे घसघशीत रक्कम, वर जीएसटी. नाखवा तासभर घासाघीस करील, शिव्या देईल, शेवटी पैसे मोजील. आणि एकदा पैसे मोजले, की विकत घेतलेल्या हवेतली एक फुंकरही वाया जाऊ नये म्हणून त्या पेटीच्या दोन बाजू तो स्वतःच्या हाताने उचकटून काढील.