नातू दीर्घिका वाचवतोय, बाकी सर्व क्षेम

कॉर्क, आयर्लंड
१४ जुलै

तीर्थरूप आई आणि अप्पा यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे पाऊस आहे, पण इथे तो क्षेमातच धरतात.

परवा फोनवर अप्पांनी विचारलं, "सुट्टीत नातू दिवसभर करतो काय?" आणि माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं, "दीर्घिका वाचवतोय." अप्पा जरा थांबले आणि म्हणाले, "त्याचे काही मिळतात का?" मग फोन कट झाला. रेंज गेली असं तुम्हाला वाटलं असेल. रेंज होती, उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र. सुपारीच्या वाडीत पावसाचं काम नसेल तेव्हा निवांत वाचा.

ही दीर्घिका 'स्टार वॉर्स' या सिनेमातली. तो जॉर्ज लुकासने काढला आणि १९७७ च्या मे महिन्यात अमेरिकेत लागला. आईसाठी गोष्ट थोडक्यात: गुरूकडून विद्या घेतलेले जेडाय नावाचे योद्धे, उजेडाच्या तलवारी, एक दुष्ट सम्राट, आणि नायकाला फार उशिरा कळतं की खलनायक आपला बाप आहे. हिंदी सिनेमात हे मध्यंतरापर्यंत उरकलं असतं. यांना त्यासाठी १९८० साली दुसरा सिनेमा काढावा लागला.

त्या तलवारीचा 'व्हूंऽऽ' आवाज मात्र अप्पांच्या ओळखीचा निघेल. बेन बर्ट या माणसाने तो सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीची गुणगुण एकत्र करून बनवला. तंबूतल्या सिनेमात तुम्ही मुद्दाम मशीनशेजारी बसायचात ना? म्हणजे आमच्या आधी तुम्हीच ऐकलाय तो.

आता चिरंजिवांचा उद्योग. या सिनेमांवर चाळीसेक वर्षं व्हिडिओ गेम निघताहेत. आमच्याकडे चालतो तो लेगोच्या ठोकळ्यांचा. मुख्य मालिकेतले नऊच्या नऊ सिनेमे त्यात कोंबलेत, २०२२ साली आला. खेळ असा, की दिसेल ते फोडायचं आणि त्यातून उडालेल्या चकत्या गोळा करायच्या. टेबल फोडा, खुर्ची फोडा, दिवा फोडा, चकत्या घ्या. तेव्हा अप्पा, 'काही मिळतात का' याचं उत्तर: मिळतात, लाखांनी मिळतात, पण वाणी घेत नाही.

मी रागावले असते. पण घरातल्या मोठ्या मुलाचं काय करायचं? तुमच्या जावयांनी कॉलेजात असताना सिनेमा पाहायच्या आधी त्याचा गेम खेळला, आणि नेमका 'टाय फायटर'. १९९४ सालच्या या गेममध्ये खेळणारा सम्राटाच्या बाजूने लढतो. त्यामुळे सम्राट म्हणजे शिस्तीचे, कर्तबगार प्रशासक आणि बंडखोर म्हणजे उपद्रवी लोक, असा यांचा ठाम समज झाला. पुढे सिनेमा पाहिला, पण पहिला संस्कार पुसतो थोडाच! आता सम्राटाच्या पांढऱ्या शिपायाचं चिलखत घरात आलंय. स्टॉर्मट्रूपर म्हणतात त्याला. हौशी लोकांची '५०१ वी लीजन' नावाची जगभर पसरलेली फौज आहे, १९९७ पासूनची. त्यात शिरायचं तर पोशाख सिनेमातल्यासारखाच लागतो, आणि तो नीट तपासला जातो. मग ही खलनायकांची पलटण आजारी मुलांना भेटायला आणि धर्मादाय कामांना जाते. हेतू चांगला आहे, म्हणून मी गप्प आहे. मात्र परवा हे त्या हेल्मेटात अर्धा तास उभे राहिले आणि बाहेर आले ते पोपटीच्या मडक्यातल्या वालाच्या शेंगेसारखे. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास तेवढा नव्हता.

या पांढऱ्या शिपायांचा सरदार डार्थ व्हेडर. काळा झगा, काळा मुखवटा, आणि श्वासाचा घोरल्यासारखा आवाज (तो पाणबुड्याच्या श्वासनळीचा आहे). इथल्या एका जत्रेत असा व्हेडर समोर आला, तेव्हा मुलगा हरखून पुढे धावला आणि मी दोन पावलं मागे सरले. का ते आईला कळेल. श्रीवर्धनला आजोळी शिमग्याला संकासूर यायचा! तोच काळा वेष, डोक्यावर ती उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. मी माजघरात तांदळाच्या कणगीमागे लपायचे आणि तरी दाराच्या फटीतून बघायचे. पंचेचाळिशीला आले, समुद्र ओलांडून आले, आणि संकासूर इथेही हजर.

योडा नावाचे एक गुरुजीही आहेत. नऊशे वर्षांचे, हातात काठी, दलदलीत वस्ती. ते इंग्रजीत आधी कर्म, मग कर्ता आणि शेवटी क्रियापद टाकतात. सगळं जग त्याला गूढ मानतं. मला मात्र पहिल्या वाक्यालाच कळलं, की हा बाबा मनात मराठीत जुळवून इंग्रजी बोलतो. इथे आले तेव्हा वर्षभर मी तशीच बोलत होते. मला कुणी गुरू मानलं नाही.

हे वेड आमच्याच घरात आहे असं समजू नका. शेजारच्या इंग्लंड-वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'जेडाय' लिहिलं. तेव्हापासून आमच्या घरातला कुठलाही सरकारी फॉर्म मीच भरते.

आता गेल्या आठवड्याची यात्रा. यात्राच म्हणायची. इथल्या केरी परगण्याच्या किनाऱ्यापासून समुद्रात साधारण १२ किलोमीटरवर स्केलिग मायकल नावाचा खडक आहे. सिनेमात म्हातारा नायक जग सोडून जिथे जाऊन बसतो, ते हे ठिकाण. पोर्टमागी गावातून होड्या सुटतात. दिवसाला १८० माणसांनाच बेटावर उतरू देतात, आणि तेही समुद्राने परवानगी दिली तर. पहिल्या दिवशी दिली नाही. जावई धक्क्यावर तोंड पाडून उभे. मी म्हटलं, यात रडण्यासारखं काय आहे? आमच्या राजपुरीच्या धक्क्यावर या आत्ता, आषाढात. जंजिरा समोर दिसतो, पण होडी कोणी सोडतं का बघा.

दुसऱ्या दिवशी समुद्र निवळला. होडीत आमच्याजवळ तपकिरी झगा घातलेला एक गंभीर गृहस्थ बसला होता. जुन्या मठातला साधू असावा म्हणून मी अदबीने सरकून जागा दिली. तो हिशेबनीस निघाला. पिशवीत प्लॅस्टिकची तलवार होती.

वर जायला ६१८ पायऱ्या, दगडाच्या, कठड्याशिवाय. माथ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार दगडी खोपी. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. अप्पा, तुमची आठवण आली. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा तट दाखवताना तुम्ही दर वेळी दगडांच्या फटीत बोट घालून म्हणायचात, "बघ, चुना सापडतो का!" मी तिथे सवयीने बोट घातलं. जावयांनी त्याचा फोटो काढला.

इथे शेकडो वर्षं ख्रिस्ती साधू राहत, पावसाचं पाणी साठवून पीत. आणि पफिन नावाचे पक्षी: काळी पाठ, पांढरं पोट, रंगीत चोच, मुंजीतल्या बटूसारखी लगबग. शूटिंगच्या वेळी ते जिकडेतिकडे. संरक्षित पक्षी, हाकलता येईनात. तेव्हा सिनेमावाल्यांनी त्यांच्यावरून 'पॉर्ग' नावाचा नवा प्राणीच काढला. चिरंजीव ओरडले, "आई, खरे पॉर्ग!" साधूंबद्दल सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे जेडायच ना?" मी म्हटलं, हो, पण ते फोडाफोडी करत नसत.

परतीच्या होडीत बेट मागे लहान होत गेलं आणि मी त्याला जंजिऱ्याची गोष्ट सांगितली. अगदी तुमच्या आवाजात सांगितली, अप्पा. होडी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तिथपासून सुरुवात. सिनेमातल्या सम्राटाकडे मृत्युतारा नावाचा अवाढव्य गोल किल्ला आहे आणि त्याला दोन मीटरचं एक भोक राहिलेलं असतं. त्यामुळे पहिला प्रश्न तोच आला, "जंजिऱ्याला भोक कुठे होतं?" म्हटलं, नव्हतं रे. मग थोरल्या महाराजांच्या लाय पाटलांची गोष्ट. रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या, मागून कुमक वेळेवर आली नाही, पहाटेपूर्वी शिड्या काढून परतावं लागलं. तो म्हणाला, "मग सेव्ह करून परत का नाही खेळले?"

मी म्हटलं, परत परत खेळले! थोरल्या महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला. संभाजीराजांनी १६८२ साली समुद्रात भर टाकून वाट करायला घेतली. "मग?" मग नाही झालं. "मग शेवटी कोणी घेतला?" शेवटी १९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं. लढाई नाही, सही. तो कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "असं कोणी गेम बनवतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या वेळी फोनही नव्हता ठेवून द्यायला. घरी आल्यापासून दीर्घिका बंद आहे. ठोकळ्यांचा जंजिरा चाललाय, निळ्या सतरंजीवर. दरवाजा कुठे ठेवायचा ते अडलंय. मला सांगू देत नाही, "आजोबांना विचारतो" म्हणतो. डिसेंबरात आम्ही येतोय. तोवर अप्पांनी तेवढा नकाशा काढून ठेवावा. आईने पोपटीसाठी वाल बघून ठेवावेत.

तुमची लेक

ता. क. जावई विचारताहेत, श्रीवर्धनला संकासुराची टोपी शिवतं कोण? शिमगा फाल्गुनात असतो, डिसेंबरात नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी रजेचा अर्ज बदलायला घेतलाय.