पेपर पाचवा : अतिरिक्त कार्यभार

महिला आणि बालकांच्या संरक्षणासाठी समाजकार्याचं शिक्षण बळकट करावं, अशी टूम निघाली आहे. हरकत नाही. पण हे शिक्षण घेतलेला माणूस हवाय कोणाला? मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं विद्यालय निघालं ते 1936 साली. तेव्हापासून पोरंपोरी शिकून बाहेर पडताहेत आणि सरकारचं त्यांच्यावाचून फारसं अडलेलं नाही. घराचा नकाशा काढणाऱ्याला स्वतःला वास्तुविशारद म्हणवायचं तर 1972च्या कायद्याने नोंदणी लागते. मोडकळीला आलेलं घर सावरायला कोणीही चालतो. लेटरहेड असलं की झालं.

कायदे मात्र आपण झोकात केले. 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा, 2006चा बालविवाहाचा, 2012चा पोक्सो, 2015चा बालन्याय. सगळ्यांत एक जाणता, सवड असलेला माणूस गृहीत धरलाय. तो आम्ही शोधला : ज्याच्याकडे आधीच दुसरं काम आहे, तो.

तेव्हा अभ्यासक्रमात पाचवा पेपर घालावा, 'अतिरिक्त कार्यभार'. प्रात्यक्षिकाला गावातलं लग्न घ्यावं. आपल्याकडे खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. (हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली, घरपट्टीची वसुली तीच.) मुलगी सोळाची. मंडप पडलाय, आचारी आलाय, पत्रिकेत प्रमुख उपस्थिती सरपंचांची. कोणीतरी मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 फिरवतं, तालुक्याहून फोन येतो, 'भाऊसाहेब, बघा जरा.' भाऊसाहेब पोलिसांना घेऊन जातात, शाळा सोडल्याचा दाखला बघतात, अठरा पूर्ण होईस्तोवर लग्न करणार नाही असं बापाकडून हमीपत्र घेतात. मग फोटो. दुसऱ्या दिवशी बातमी, 'प्रशासनाच्या सतर्कतेने बालविवाह टळला'. मुलीचं नाव बदललेलं. बापाचं आणि गावाचं अगदी अचूक.

मुलीशी बाजूला बसून कोणी बोललं का, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. तिची शाळा का सुटली, आईबाप ऊसतोडीला गेले की ती राहणार कोणाच्या भरवशावर, परवा पहाटे दुसऱ्या तालुक्यातल्या देवळात अक्षता पडल्या तर कळणार कोणाला? यासाठी वर्षभर त्या घरी जाऊन चहा पीत बसणारा माणूस लागतो. चहा पिण्याला लेखाशीर्ष नाही. हमीपत्राला आहे, ते फाइलला लागतं.

असा माणूस कधी बसवलाच नाही असं म्हटलं तर पाप लागेल. 1984 साली मुंबईत पोलिसांच्याच आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष निघाला. शिकलेले समाजकार्यकर्ते तिथे टेबल मांडून बसले आणि बाईचं म्हणणं मध्येच न तोडता ऐकू लागले. प्रयोग चालला, पुढे सरकारने तो मुंबईबाहेरही नेला. चाललेल्या प्रयोगाची खोड एवढीच, की त्याला दर महिन्याला पगार लागतो. कार्यशाळेला एकदाच जेवण द्यावं लागतं.

म्हणून तूर्त कार्यशाळा. विद्यार्थ्यांना फील्डवर्कला संस्थेत धाडायचं, तिथे त्यांनी जनजागृती रॅलीचे फलक धरायचे, रात्री अहवालात 'समुदायाशी संबंध प्रस्थापित झाले' असं लिहायचं. एवढी बळकटी पुरते, कारण पुढची जाहिरात तयारच असते : पद समुपदेशक. पात्रता एमएसडब्ल्यू, अनुभव तीन वर्षं, एमएस-सीआयटी आवश्यक. नेमणूक कंत्राटी, अकरा महिने. मानधन एकत्रित. कार्यक्षेत्र संपूर्ण तालुका. स्वतःची दुचाकी असल्यास प्राधान्य.