होऊन जाईन न भाऊ

नागपूरच्या ऑटो पार्ट्सवाल्याच्या तोंडून 'नाही' ऐकायचं असेल, तर त्याच्याकडे उधारी मागावी. पार्ट मागितलात तर तो नाही म्हणतच नाही. आधी 'होऊन जाईन न भाऊ' म्हणतो आणि मग गाडी कोणती ते विचारतो.

माझी गाडी येझदी. हे मी शक्यतो चारचौघांना ऐकू जाईल असं सांगतो. काटोलला मामेसासऱ्यांच्या वाड्यात, संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांमागे ती कित्येक वर्षं उभी होती. 'जावईबापू, घेऊन जा बाप्पा, आमाले अडचण होऊन राहिली,' असं ते म्हणाले. मी त्याचा अर्थ 'घराण्याचा हा वारसा आता तुमच्या हाती' असा लावला. भंगारवाला तिचे जेवढे पैसे द्यायला तयार होता, त्याहून जास्त पैसे तिला नागपूरला आणणाऱ्या छोट्या हत्तीने घेतले. हा हिशेब बायकोने केला. मी तेव्हा हत्तीच्या हौद्यात बसून दोन्ही हातांनी येझदीचं हँडल धरलं होतं. कळमेश्वरच्या पुढे रस्त्यावरचे लोक वळून वळून बघत होते, आणि ते गाडीकडेच बघताहेत अशी माझी घरी पोचेपर्यंत समजूत होती. हेल्मेट डोक्यावरच राहिल्याचं घरी आरशात दिसलं.

गाडी दुरुस्त करायच्या आधी मी तिचा अभ्यास केला. तो मी कुणालाही विनामूल्य ऐकवतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 साली चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटरसायकली इथे बनवायला घेतल्या, 1973 पासून त्याच घराण्याच्या गाड्या येझदी नावाने निघू लागल्या आणि 1996 मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. किक आणि गिअर यांचा दांडा एकच: आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. नवखा माणूस किक शोधत गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालेपर्यंत मी काहीही बोलत नाही. नंतर बोलतो.

शेजारचे निवृत्त ओव्हरसिअर हे सगळं ऐकून म्हणाले, 'ते बरोबर आहे. चालते का?'

चालत नव्हती. सुरू व्हायची. लिटरमागे 40 मिली टूटी ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरायचं, कार्बोरेटरवरचं टिकलर बोटाने दाबायचं, पेट्रोल बोटाला लागलं की किक मारायची. मग ती उठायची आणि गल्लीत असा धूर सोडायची की महापालिकेची डासांची फवारणी आली समजून पोट्टे मागे धावायचे. कोपऱ्यापर्यंत गेली की घुसमटून बंद. उभी केली की कार्बोरेटरमधून टप टप पेट्रोल. रात्री कॉक बंद करायचा राहिला तर सकाळी पार्किंगमध्ये तवंग, आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर माझ्या फ्लॅटचा नंबर.

'जेट गेलाय,' मी जाहीर केलं. त्याआधी काही दिवस मी पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलवर आळ घेऊन पाहिला होता. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं, हे खरं आहे. पण ते सांगितलं तर लोक मान डोलावून निघून जातात. जेटचं तसं नाही. जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं पितळेचं भोक; ते हातात धरून दाखवता येतं.

कार्बोरेटर जिकोव. मूळचा चेक, चेस्के बुदेयोवित्से या गावचा. बडवायझर बिअरचं नाव याच गावाच्या जर्मन नावावरून आलं. हेही मी एका काउंटरवर सांगितलं. दुकानदार म्हणाला, 'बीअर लवकर भेटून जाईन भाऊ.'

जेटसाठी मी शहर पालथं घातलं. आमच्याकडे वस्त्यांना वारांची नावं आहेत: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. सुट्टी रविवारी असल्याने मी इतवारीत इतवारी गेलो, तर बाजार बंद. मंगळवारीत गेलो तेव्हा ज्याला भेटायचं तो बुधवारीत, आणि बुधवारीत गेलो तेव्हा तो शुक्रवारी भेटेल असं कळलं. शुक्रवारी म्हणजे वार की वस्ती, हे विचारायचं राहिलं. कामठी रोडला एका भंगारवाल्याने माझ्यापुढे कार्बोरेटरांचं अख्खं पोतं ओतलं आणि 'पहा तुम्ही निवांत' म्हणून तो जेवायला गेला. मे महिना, टिनाचं शेड. त्या ढिगात सगळ्या जातीचे कार्बोरेटर होते. जिकोव तेवढा नव्हता.

दुकानात मात्र सगळं मिळतं. कॉटन मार्केटच्या बाजूला एकाने माझ्या तळहातावरून जेट उचलला, एक डोळा मिटून उजेडाकडे धरला, फुंकर मारली, परत धरला.

'राजदूतचा लागून जाईन.'

मी त्याला समजावलं. जिकोवच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मिकुनी पद्धतीच्या जेटांवर मात्र आकडा बहुधा किती पेट्रोल वाहून जातं त्यावरून टाकतात. म्हणजे दोन जेटांवर एकच आकडा असला तरी भोक एकच असेल असं नाही. शिवाय आटे वेगळे. दुकानदाराने शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये त्याने दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली, एकाला चेन स्प्रॉकेट दिलं, पण ऐकलं.

'होऊन जाईन न भाऊ. दोन आटे पकडले का बस झालं.'

मी तो जेट घेतला. इतकं बोलल्यावर रिकाम्या हाताने निघणं बरं दिसत नाही. पुढच्या दुकानातही तेच झालं, त्याच्या पुढच्यातही. आधी मी जेटवर बोलायचो, मग दुकानदार त्याच्या वडिलांच्या येझदीवर. कुणाचे वडील तिच्यावर पचमढीला गेले होते, कुणाचे आईला बघायला रामटेकला. नागपुरात जितक्या वडिलांकडे येझदी होती, तितक्या म्हैसूरला बनल्या तरी असतील का, अशी मला शंका आहे. एकाचे तर डोळे भरून आले. त्याने मला बुलेटचा जेट दिला.

घरी बिस्किटाच्या डब्यात जेट साठत गेले. राजदूतचे, बुलेटचे, चेतकचे, काही नुसतेच पितळेचे. बायकोने एकदा डबा उघडला, बोटाने चाळवला आणि त्यातला एक वेगळा काढला.

'हा गॅसच्या शेगडीचा आहे.'

'कशावरून?'

'कशावरून म्हणजे? आपली डावी बाजू कधीची मंद जळून राहिली. बसवा.'

बसवला. डावा बर्नर आता निळाशार पेटतो. एवढ्या शोधमोहिमेत चपखल बसलेला तो एकमेव जेट.

मग मी वर्धा रोडच्या एका चकचकीत गॅरेजात गेलो. एप्रिल 2020 मध्ये बीएस-सिक्स आलं आणि नव्या मोटरसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला, त्यामुळे तिथल्या पोट्ट्याची सगळी हयात फ्युएल इंजेक्शनमध्ये गेलेली. तो हातात स्कॅनर घेऊन आला, येझदीभोवती फिरला, सीटखाली वाकला.

'काका, याचा पोर्ट कुठं हाय?'

माझ्याहून कमी जाणणारा माणूस खूप दिवसांनी भेटला होता. 'यात पोर्ट नसतो बेटा,' मी म्हणालो. 'ही गाडी कान देऊन ऐकावी लागते.' हे वाक्य मला इतकं आवडलं की संध्याकाळी मी ते ओव्हरसिअरसाहेबांनाही ऐकवलं. ते म्हणाले, 'मग काय म्हणून राहिली?'

तेवढ्यात उस्तादांचा पत्ता लागला. हे येझदीचे जुने मिस्त्री, काम सोडलेलं, नातवाच्या पंक्चरच्या दुकानापुढे कडुनिंबाखाली बाज टाकून बसतात. मी माझा जेटवरचा अध्याय सुरू केला. उस्तादांनी जेटकडे बघितलंही नाही. कार्बोरेटर उघडला, आतला पितळी फ्लोट काढला, कानाशी नेऊन हलवला आणि मग न बोलता माझ्या कानाशी धरला.

आत खुळखुळ.

फ्लोट म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ डबी. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल चढतं तसा तो वर तरंगत येतो आणि ठरावीक पातळीला सुई दाबून पेट्रोल बंद करतो. त्याला केसाएवढी चीर गेली की पेट्रोल आत शिरतं, फ्लोट जड होऊन बुडतो, सुई बंद होत नाही. मग गाडी पेट्रोल पिऊन घुसमटते आणि उरलेलं पार्किंगमध्ये ओतते.

'फ्लोट डूब गया साहब,' उस्ताद म्हणाले. 'जेट तो कंपनी का है. अच्छा-भला है. इसको हाथ किसने लगाया?'

मी कडुनिंबाकडे बघितलं.

नवा फ्लोट कुठे मिळेल, या प्रश्नावर ते हसले. म्हणाले, टाका मारून घ्या, पण रेडिएटरवाल्याकडे नको. तो कथील थापेल, वजन वाढेल आणि फ्लोट पुन्हा खालीच बसेल. हलक्या हाताचा माणूस पाहिजे. 'सराफे में जाओ. इतवारी.'

घरी मी फ्लोट गरम पाण्यात बुडवला. चीर शोधायची ही खात्रीची रीत: आतली हवा तापते आणि जिथे भोक असेल तिथून बुडबुडे निघतात. जोडावरून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. पातेलं कोणतं होतं, हे सांगण्यात आता अर्थ नाही. दुसऱ्या दिवशीच्या चहाने ते सगळ्यांना सांगितलं.

सराफ्यातल्या त्या कारागिराने फ्लोट चिमट्यात धरला, फुंकणी ओठांना लावली आणि सहज विचारलं, 'आत काही आहे का?'

'पेट्रोल.'

त्याने फुंकणी खाली ठेवली. ज्योत विझवली. मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं. नंतर सुईने एक भोक पाडून, झटकून, वाळवून, पुन्हा भिंगातून बघून त्याने टाका मारला. तिळाएवढा. मी वजन करायला लावलं. टाका घालायच्या आधीचं आणि नंतरचं यात गुंजभर फरक निघाला. मी म्हटलं, घासून कमी करा. सोन्याच्या काट्यावर, सोन्याच्या कानशीने, तो पितळ घासत बसला. त्या दिवशी दुकानापुढची धूळ झाडून नेणाऱ्याला काय वाटलं असेल, कोण जाणे. शेजारी मंगळसूत्र बघायला बसलेल्या बाईंनी वाकून विचारलं, 'हा कोणता घाट हो?'

'चेक,' मी म्हणालो.

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि दुकानदाराला म्हणाल्या, 'यात नाजूक काही आहे का?'

कारागिराने सवयीने फ्लोट गुलाबी कागदात गुंडाळला, लाल मखमली डबीत ठेवला, वर दुकानाचं नाव असलेल्या पिशवीत घातला. मीही घरी येऊन ती पिशवी सवयीने कपाटात ठेवली. लग्नाचा वाढदिवस त्या आठवड्यात होता, हे मला माहीत होतं. दोन गोष्टी एकाच वेळी माहीत असणं आणि त्या जोडता येणं यात फरक असतो.

बायकोने डबी उघडायच्या आधी बहिणीला फोन केला. बहिणीने त्यांच्या मामीला. मी ऑफिसातून आलो तेव्हा काटोलपर्यंत बातमी गेली होती, आणि डबी टेबलावर उघडी होती. बायकोने फ्लोट दोन बोटांत धरून उलटा-सुलटा केला, वास घेतला, कानाशी नेऊन हलवला. आवाज आला नाही. काम चोख झालं होतं.

'घडणावळ किती घेतली?'

मी सांगितली.

'टाका चांगला मारला,' ती म्हणाली आणि डबी बंद केली.

सकाळी उस्तादांनी फ्लोट बसवला, सुईच्या टाचेला नखाने हलकासा बाक दिला, आणि येझदी पहिल्या किकला उठली. जेट तिचा तिलाच. दुपारी बायको मागे बसली. कॉलनीचा कोपरा गेला, गाडी चालूच. व्हेरायटी चौकात सिग्नलला उभी राहिली तरी थेंब नाही. मी अंबाझरीकडे वळायच्या बेतात होतो, पण मागून खांद्यावर बोट आलं आणि बोटाने सांगितल्याप्रमाणे मी सरळ गेलो, मग उजवीकडे, मग गर्दीतून इतवारीत.

गाडीचा आवाज ऐकूनच कारागिराने मान वर केली. 'का झालं भाऊ? पुन्हा गळून राहिला का?'

'यायचं काम झालं,' बायको गादीवर बसत म्हणाली. 'आता माहं काढा.'