यवतमाळात पाणबुड्याचं घड्याळ

‘खोकं उघडलं, पण वापर शून्य’ असा स्कूबाचा डायव्ह कॉम्प्युटर यवतमाळात कुणी सवलतीत घेतला, तर हसू नये. २०१८च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, तेव्हा खोली नुसत्या डोळ्यांनीच मोजता आली, ही गोष्ट वेगळी. हे यंत्र शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवतं आणि भराभर वर येणाऱ्याला दटावतं. (राजकारणातल्यांना ते बसवत नाहीत.) या यंत्राची खरी जागा तारकर्लीच्या समुद्रात. तरीही घ्यायचंच असेल, तर बॅटरीचं झाकण, वॉरंटी आणि आतली नोंदवही तपासा. ‘शून्य वापर’वाल्या यंत्रात आधीच्या बुड्या दिसल्या, तर सरळ परत करा.