कस्तूर, थालीपीठ आणि भिशी मंडळ

निसर्गभ्रमणाच्या सूचनांमध्ये ‘भडक कपडे नकोत, बडबड नको’ असं बजावलेलं होतं. म्हणून मी शेवाळी टोपी, शेवाळी शर्ट आणि गळ्यात मेहुण्याची दुर्बीण अशा थाटात कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरलो. दुर्बिणीतून मला आजवर स्वतःच्या पापण्यांपलीकडे काही दिसलेलं नाही. पण ती गळ्यात असली की लोक अदबीने बोलतात.

ऐकायचा होता शीळकरी कस्तूर. ओढ्याकाठच्या कपारीत घरटं करणारा हा निळाकाळा पक्षी ऐन पावसाळ्यात गातो. पण त्याच गाडीतून अर्धी मुंबई उतरली होती. भातखाचरांच्या बांधावरून टोप, स्टोव्ह, स्पीकर, फुगवलेल्या ट्यूबा धबधब्याकडे निघाल्या होत्या. एका गृहस्थांच्या डोक्यावर तर चक्क घरची प्लास्टिकची खुर्ची! आमचे संयोजक कानात कुजबुजल्यासारखं काही सांगत होते. बहुधा टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्राबद्दल. सह्याद्रीच्या पाण्यावर ते 1922 पासून चालतंय, हे मला आधीच ठाऊक होतं म्हणून बरं.

ओढ्याच्या मध्यावर माझ्या उजव्या बुटाने आ वासला. माळ्यावर पडून पडून त्याचा गोंद वाळला होता. पुढच्या पावलाला सोल सुटला आणि प्रवाहाबरोबर निघाला. मौनाचा नियम असल्यामुळे मी नुसतेच हातवारे केले. खाली भिजणाऱ्या पोरांनी तो झेलला आणि ‘कोणाचा सोल? कोणाचा सोल?’ असा पुकारा केला. मी हात वर केला, तेव्हा टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच.

“ओ दुर्बीणवाले भाऊ, इकडे या, बसा!” डोंबिवलीच्या काकूंचं भिशी मंडळ होतं. एकीने पिशवीतून गुलाबी नाडी काढली, दुसरीने माझा पाय सरळ मांडीवर घेतला. “घट्ट आवळ गं, लाजतायत ते.” तिसरीने हातात थालीपीठ ठेवलं. संयोजकांनी लांबून माझ्याकडे असं पाहिलं, की मी आणखी एक मागून घेतलं.

सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळत एक आजी बसल्या होत्या. “बघू हो काय दिसतं,” म्हणत त्यांनी दुर्बीण घेतली, मधलं चाक बोटाने हळूच फिरवलं आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “काळा पक्षी आहे. खांद्यावर निळं चमकतंय बघा.”

कस्तूर! आमचे सगळे तज्ज्ञ तेव्हा भलत्याच झाडाकडे माना वर करून उभे होते. आजींनी दुर्बीण खाली केलीच नाही. काकूंनी हाका मारल्या, त्यांनी नुसता हात हलवला. त्या दुर्बिणीतून कोणी काही पाहिल्याचं मी प्रथमच पाहत होतो. मागायचा धीर झाला नाही.

परतताना मात्र डोकं फिरलं. त्याच ओढ्यात बिअरच्या बाटल्यांच्या काचा, आणि त्यांच्या बाजूने अनवाणी पळणारी पोरं. तेव्हा बाबांनो, नाचा, गा, खुर्च्या आणा, वाटलं तर कपाट आणा. वर घाटात पाऊस धरला किंवा पाणी गढूळ दिसलं की मात्र तडक काठावर या. आणि बाटली आणलीत तर सबंध परत न्या. वाहत्या पाण्यात काच दिसत नाही.