देवकुंडाचे किलोवॅट

धबधब्याला जाताना सोबत कवी असला तरी चालतो. रील करणारा पुतण्याही खपवून घेता येतो. वीजखात्यातून निवृत्त झालेला अभियंता मात्र नेऊ नये. आमच्याबरोबर अण्णा होते. नात्याने माझे साडू, आणि उंचावरून पाणी पडताना दिसलं की खिशातून कॅल्क्युलेटर काढणारे. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर त्यांचा विश्वास नाही.

जायचं होतं देवकुंडला. पुण्याहून पौड, मुळशी, मग ताम्हिणी घाट उतरून विळे आणि पाटणूसवरून भिरा. भर पावसात इथे प्रशासन बऱ्याचदा बंदी घालतं आणि ते बरंच करतं. डोंगरात सर कोसळली की ओढे बघता बघता फुगतात आणि पलीकडे गेलेली हौशी मंडळी पलीकडेच अडकतात. म्हणून आम्ही पाऊस ओसरू दिला होता.

मुळशीचं पाणी दिसताच अण्णांनी गाडी थांबवायला लावली.

"हे पाणी कुणाचं? मुळेचं. मुळा पुढे भीमेत, भीमा कृष्णेत, म्हणजे पत्ता बंगालचा उपसागर. टाटांनी धरण बांधलं, बोगद्यातून आणि नळांतून ते कोकणात उतरवलं. आता ते कुंडलिकेतून रेवदंड्याला जातं. अरबी समुद्र!"

एका नदीचा समुद्र बदलला, हे अण्णा स्वतः सही करून मंजूर केल्यासारखं सांगतात. माझ्या मेहुणीने शांतपणे विचारलं, "सेनापती बापटांचा सत्याग्रह याच धरणाविरुद्ध ना?" होय, याच. 1921 ते 1924. मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि घरं पाण्याखाली जाणार होती, आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं.

"तो सिव्हिलचा विषय," अण्णा म्हणाले. "मी इलेक्ट्रिकल."

भिऱ्याचं वीजघर 1927 पासून चालू आहे. तिथली गंमत मला अण्णांमुळेच कळली, हे कबूल करायला हवं. दिवसा वरून आलेल्या पाण्यावर वीज होते. रात्री विजेची मागणी घटली की उरलेल्या विजेवर पंप चालवून त्यातलं काही पाणी पुन्हा वर मुळशीला चढवता येतं. वशिला लावून बदली रद्द करून घेतलेल्या कारकुनाप्रमाणे ते मूळ जागी रुजू होतं आणि सकाळी परत खाली यायला तयार. बाकीचं पाणी पुढे कोलाडला जातं आणि तिथे राफ्टिंगवाल्यांच्या किंकाळ्यांना कारणीभूत होतं.

गावात गाइड घ्यावा लागतो. आमचा गाइड रबरी चपलेत होता आणि आम्ही पायात महागडे बूट, पाठीवर सॅक, हातात घडीच्या काठ्या अशा थाटात. वाट सुरुवातीला भिऱ्याच्या धरणाच्या फुगवट्याच्या कडेने सपाट जाते, मग जंगलात शिरते आणि ओढ्याच्या नादी लागते. ओढा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी सरळ वाटेवरूनच. बूट कोरडे ठेवण्याचा खटाटोप पहिल्या तीन ओढ्यांपर्यंत टिकला. गाइड चपला हातात घेऊन पलीकडे पोचायचा आणि आम्हाला उभा न्याहाळायचा. "अजून किती?" याचं त्याचं उत्तर अंतरावर अवलंबून नव्हतं. तो विचारणाऱ्याचा चेहरा पाहून आकडा सांगे. मला त्याने सगळ्यात लहान आकडा सांगितला.

शेवटचा टप्पा धोंड्यांचा. पायाखाली शेवाळ, समोर काळा कातळ. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. त्यातला कच्चा थर झिजतो, पक्का टिकतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. कोकणात उतरणाऱ्या प्रत्येक ओढ्याला म्हणून कुठेतरी उडी मारावीच लागते.

देवकुंडची उडी देखणी आहे. तिन्ही बाजूंनी उभे कडे आणि मध्ये हिरवट निळा डोह. डोहात दोर बांधलेला आणि त्यापलीकडे जाणाऱ्यांसाठी शिट्टी. ती अखंड वाजत होती. पाण्याकडे पाठ करून उभी राहिलेली माणसं मोजली तर तोंड करून उभी असलेली फारच थोडी निघाली असती. त्या थोड्यांत अण्णा.

"सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खाली पडलं की पावणेदहा किलोवॅट. उंची साठ मीटर धरू. पाणी अर्धा घनमीटर. यंत्राची तूट वजा." बोटं चालली. "दोन-अडीचशे किलोवॅट! आणि चाललेत फुकट!"

"मग बसवा यंत्र," मेहुणी म्हणाली, "पण आधी माझा फोटो काढा."

अण्णांनी काढला. त्यात धबधबा माथ्यापासून पायथ्यापर्यंत व्यवस्थित आला होता आणि खाली कडेला मेहुणीचं कपाळ.

गाइड मात्र त्या आकड्याने अस्वस्थ झाला. "साहेब, यंत्र बसलं म्हंजे पाणी पायपात. मग लोक काय पाइप बघाया येतील?" गावातल्या कितीतरी घरांची चूल याच पडणाऱ्या पाण्यावर पेटते. गाइड, पार्किंग, भाड्याची लाइफ जॅकेटं, जेवणाची ताटं. हा हिशोब कॅल्क्युलेटरवर नव्हता. अण्णांनी तो खिशात ठेवला आणि कपड्यांसकट डोहात उतरले. शिट्टी वाजली.

परतल्यावर गाइडच्या घरी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, वाटाण्याची उसळ, ठेचा. दुसरी भाकरी ताटात पडली आणि पंखा थांबला, दिवा गेला. अण्णा लगेच सरसावले. वीजघर गावात असलं म्हणून वीज थेट घरात येत नाही, ती आधी वरच्या वाहिनीत, मग उपकेंद्र, मग रोहित्र...

भाकऱ्या थापणाऱ्या म्हातारीने पिठाचे हात झटकले.

"तुमी लायटीतले ना, बाबा? मग त्या वायरमनला फोन लावा. आमचा उचलीत न्हाय."

अण्णांनी लावला. त्यांचाही उचलला नाही.