कुलाबा आणि सांताक्रूझ

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असा असतो, की गच्चीत पापड वाळत घालण्याआधी बायका त्याला आभाळाचं विचारतात आणि मग तो सांगेल त्याच्या बरोब्बर उलट वागतात. आमच्याकडच्या गृहस्थांना सगळे त्यांच्यामागे ‘कुलाबा’ म्हणतात. त्यामुळे त्यांच्या पत्नी ओघानेच ‘सांताक्रूझ’ झाल्या. मुंबईतल्या या दोन वेधशाळांचे पावसाचे आकडे सहसा जुळत नाहीत. या दोघांचंही तसंच. कुलाबा म्हणणार, रात्री झोडपून काढलं. सांताक्रूझबाई म्हणणार, “कसलं हो, दोरीवरचे कपडेसुद्धा भिजले नाहीत.”

कुलाबांच्या फोनमध्ये हवामानाची चार ॲप आहेत. एक चाळीस टक्के पाऊस सांगतं, दुसरं सत्तर, तिसऱ्यात चक्क सूर्य हसत असतो. चौथं उघडायला इतका वेळ घेतं, की तोवर पाऊस येऊन गेलेला असतो. शिवाय भिंतीवर पंचांग आहे. त्यात मृगाचं वाहन बेडूक निघालं तर बॅगेत रेनकोट दोन, गाढव निघालं तर एक. विज्ञान आणि परंपरा यांचा असा मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता दैवयोग बघा. सांताक्रूझबाईंचा वाढदिवस ७ जूनला, म्हणजे मृगाच्या उंबरठ्यावर. (कुलाबांचा स्वतःचा १ जून. पण तो शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेला, त्यामुळे त्याला हवामान लागू नाही.) यंदा बाईंची पन्नाशी. बाई एवढंच म्हणाल्या, “समुद्रावर जाऊ या.” कुलाबांनी कागद काढला. मोसमी पाऊस मुंबईत पोचायची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे हातात चार दिवस कोरडे. त्यावर बाईंनी भाजी निवडता निवडता आठवण करून दिली, की २०२५ साली पाऊस २६ मेलाच दारात उभा होता आणि २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर आलं होतं. कुलाबांनी कागदाच्या कोपऱ्यात ‘अपवाद’ असं लिहिलं आणि अलिबाग ठरवलं.

गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, म्हणून भाऊच्या धक्क्यावरच्या रो-रोची चौकशी झाली. “आज चालू आहे, उद्याचं उद्या बघू,” असं उत्तर आलं. उद्याचं उद्या बघणारा माणूस कुलाबांना मुळातच चालत नाही. मग गाडीनेच निघाले. वडखळच्या रांगेत तास गेला, कार्लेखिंडीत ढग दिसले. कुलाबांचा चेहरा खुलला. सामानाची व्यवस्था सांगण्यासारखी होती. प्रत्येक कपडा वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या पिशव्या मोठ्या पिशवीत आणि केकचा खोका तीन पिशव्यांमध्ये. वाढदिवसाची भेट म्हणजे रेनकोट, बाईंच्या मापापेक्षा दोन नंबर मोठा. का, तर आत पर्सही मावावी.

अलिबागला लखलखीत ऊन होतं. किनाऱ्यावर लोक बनियनवर फिरत होते आणि कुलाबा रेनकोटात घामाने निथळत होते. असल्या माणसाचं दुःख वेगळंच असतं. पाऊस आला तर सहल बिघडते आणि नाही आला तर अंदाज बिघडतो. त्यातल्या त्यात सहल बिघडलेली त्याला परवडते.

भरतीचा हिशेब मात्र त्यांनी अचूक केला होता. कोकणातला जुना नियम असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी आणि कुलाबा किल्ल्यात चालत जाता येणार. बाराला वाळू खरोखरच उघडी पडली. तेवढ्यात क्षितिजावर एक ढग दिसला. “तो सरकू दे,” असं म्हणून कुलाबा बसून राहिले. सांताक्रूझबाई घोडागाडीत बसल्या, किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन घेतलं, भोवती खारं पाणी असून आतल्या विहिरीचं पाणी गोडं कसं याचं नवल केलं आणि परत आल्या. ढग तिथेच होता. वाटेवर पाणी चढायला लागलं होतं.

खाणावळीत आणखी एक अंदाज चुकला. १ जूनपासून ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी, त्यामुळे सुरमई होती ती बर्फातली. कुलाबांनी वरणभात मागवला. बाईंनी सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या मागवल्या, वर पांढरा कांदा हाताने फोडून खाल्ला आणि अशी पन्नाशी रोज आली तरी चालेल, असं जाहीर केलं.

जेवण झाल्यावर कुलाबांना ‘वेधशाळा’ अशी पाटी दिसली आणि ते माहेर दिसावं तसे तिकडे वळले. फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, “संध्याकाळचं काय म्हणतात साहेब?”

“इथं पाऊस नाही मोजत, काका. पृथ्वीचं चुंबक मोजतात.”

खरंच आहे ते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने चुंबकाची मोजणी बिघडणार, म्हणून हे काम कुलाब्याहून उचलून १९०४ मध्ये अलिबागला आणलं. आमचे कुलाबाही त्याच वाटेने आले, पण कोणी आणलं नव्हतं. पहारेकऱ्याने मग मान वर करून क्षणभर बघितलं आणि म्हणाला, “पडेल पाचपर्यंत.”

पाचला पडला. चारही ॲपवर तेव्हा सूर्य होता. रेनकोट अर्थातच वाळत घातला होता, घाम सुकावा म्हणून. बाई अंगणात जाऊन मनसोक्त भिजल्या. कुलाबांनी पायरीवर स्टीलचा ग्लास ठेवला आणि फूटपट्टी घेऊन दर दहा मिनिटांनी डोकावत राहिले. सातला लाइट गेली आणि केकवरच्या मेणबत्त्या एकदाच्या कामी आल्या. केक तेवढा कोरडा होता, हे मान्य करायला हवं.

परतल्यावर मी जिन्यात विचारलं, पाऊस लागला का? कुलाबा म्हणाले, “बत्तीस मिलिमीटर.” सांताक्रूझबाई म्हणाल्या, “भरपूर.”

पुढच्या जूनसाठी त्यांनी गणपतीपुळ्याची खोली आत्ताच धरली आहे, रद्द केल्यास पूर्ण पैसे परत या अटीवर. बाईंनी दोन जास्तीचे टॉवेल बाजूला काढून ठेवले आहेत.